कोल्हापूरला राहायला जायचं का? ठरवण्याआधी काय तपासायचं

पुण्या-मुंबईतून कोल्हापूरला कायमचं यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात दिवाळीत नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत येतो. शहर जोखायला हेच दोन काळ सगळ्यांत कुचकामी. सगळे नातेवाईक घरी, रंकाळ्यावर संध्याकाळी वारा, रोज कुठेतरी तांबडा-पांढरा. कुठलंही गाव अशा दिवसांत आवडेल. या शहराची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सलग पंधरा दिवस इथे राहा, आणि तेही ज्या भागात घर घ्यायचं मनात आहे त्याच भागात, भाड्याच्या जागेत. काका-मावशीकडे उतरलात तर पाणी भरणारं, कचरा देणारं, दूध आणणारं माणूस दुसरंच असतं, तुम्हाला काहीच कळत नाही. गणपतीपर्यंत पैशांचा हिशेब पुरा करा, दिवाळीला हो किंवा नाही ठरवा. दिवाळीनंतर अनेक शाळांचे प्रवेश अर्ज सुरू होतात, ते भरा आणि सामान एप्रिल-मेमध्ये हलवा. भर पावसात टेम्पो भरणं म्हणजे गाद्या आणि प्लायवूडची कपाटं वाया घालवणं.

पैशांचा हिशेब

‘तिकडे सगळं स्वस्त’ हे अर्धंच खरं आहे. घरभाडं, घरकामाच्या बायांचा पगार, रोजचा प्रवास आणि भाजी-दूध यांत फरक पडतो. गॅस, पेट्रोल, मोबाइल, औषधं, विम्याचे हप्ते, ऑनलाइन खरेदी, कर्जाचे हप्ते यांत काडीचा फरक पडत नाही. त्यामुळे संपूर्ण खर्चाची तुलना करत बसू नका, बदलणाऱ्या रकमाच तेवढ्या कागदावर मांडा.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. पुण्यात हातात ९०,००० येतात आणि भाडं २८,००० आहे. कोल्हापुरात तेवढ्याच घराचं भाडं १४,००० धरलं तर बचत १४,०००. जागा बदलल्यामुळे पगार १५ टक्क्यांनी उतरला तर त्यातले १३,५०० तिथेच गेले. आता पुण्याच्या फेऱ्या. जाऊन-येऊन साधारण ४७० किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ असेल तर ३१ लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरून ३,३०० च्या आसपास. शिवाय खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे टोलनाके दोन्ही बाजूंनी. महिन्यातून दोन फेऱ्या झाल्या की टोलसकट आठेक हजार. म्हणजे या उदाहरणात कोल्हापूर महागच पडलं. पगार तोच राहिला आणि फेऱ्या दोन महिन्यांतून एकदा झाल्या, तर हेच गणित चांगलं जुळतं. पहिल्या वर्षी फेऱ्या नेहमी अंदाजापेक्षा जास्तच होतात: जुना डॉक्टर, बँकेचं काम, मित्राचं लग्न. म्हणून हिशेब जास्त फेऱ्यांचा धरा.

गाडीऐवजी रेल्वे धरायची असेल तर वेळापत्रक आधी बघा. मुंबईसाठी रात्रीची महालक्ष्मी सोयीची आहे. पुण्यासाठी २०२४ च्या सप्टेंबरात वंदे भारत सुरू झाली, पण ती आठवड्यातून तीनच दिवसांसाठी. तुमची मीटिंग ज्या वारी असते त्या वारी गाडी आहे का, हे पाहूनच तिचा भरवसा धरा.

केंद्र सरकारी नोकरदारांनी घरभाडे भत्त्याकडे लक्ष द्यावं. या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत पुणे-मुंबई ‘एक्स’ वर्गात, कोल्हापूर ‘वाय’ वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता मूळ पगाराच्या ३० टक्क्यांऐवजी इथे २० टक्के मिळतो.

घरून काम करणाऱ्यांनी मॅनेजरच्या तोंडी होकारावर सामान बांधू नये. नेमणुकीचं ठिकाण ‘कोल्हापूर’ किंवा ‘घरून’ असल्याचं एचआरचं पत्र हवं. ऑफिसला परत बोलावलं तर किती दिवसांची सूचना मिळेल, तेही त्यात असावं. हे पत्र मिळत नसेल तर पुण्यातली जागा सोडायची नाही, इतकं सरळ आहे.

इथेच नोकरी शोधायची असेल तर गावाचा पाया ओळखा. फाउंड्री, मशीन शॉप, ऑटोचे सुटे भाग. पट्टा म्हणजे शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. इचलकरंजीत कापड, हुपरीत चांदी, सगळ्या जिल्ह्यात साखर आणि दूध. क्वालिटी, मेटलर्जी, टूलिंग, मेंटेनन्स, खरेदी यांतल्या माणसाला इथे मागणी आहे. आयटीत मात्र कंपन्या लहान आणि मोजक्या; एक नोकरी सुटली तर समोरच्या इमारतीत दुसरी मिळेल, हा पुण्याचा हिशेब इथे चालत नाही. वकिलांचं चित्र वेगळं आहे: मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालं, त्यात सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची कामंही येतात.

एकाची नोकरी पक्की आणि दुसऱ्याची ‘बघू तिथे गेल्यावर’, अशी घरं वर्ष-दोन वर्षांत परत फिरतात. दोघांपैकी ज्याची नोकरी मिळायला अवघड, त्याची आधी शोधा. सहा महिने एकाच पगारावर घर चालेल एवढी शिल्लक नसेल तर निर्णय पुढे ढकला.

घर कुठे: आधी पाणी, मग बाकी सगळं

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. म्हणून ‘२००५ ला इथं पाणी आलं नव्हतं’ या वाक्याला काही किंमत नाही. तो पूर या दोन्हींपेक्षा लहान होता. विचारायचं ते २०१९ आणि २०२१ चं.

नदीपासून लांब आहोत म्हणजे सुटलो, असंही नाही. नदी चढली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, ते उलटं शहरात पसरतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क आणि रमणमळ्याचा काही भाग अशाने पाण्याखाली जातो. एकाच कॉलनीत पुढची गल्ली कोरडी आणि मागची छातीभर पाण्यात, असं होतं. त्यामुळे भागाच्या नावावर जाऊ नका, त्या इमारतीची चौकशी करा.

ती करायची कशी? एजंटला विचारूच नका, तो ‘उंचावर आहे’ असंच म्हणणार. समोरचा किराणा दुकानदार, कोपऱ्यावरचा रिक्षावाला आणि शेजारच्या इमारतीतला तळमजल्याचा भाडेकरू, तिघांना वेगवेगळं गाठा. तळमजल्याच्या भिंतीवर कमरेपर्यंतच गिलावा नवा आहे का, विजेचे मीटर मुद्दाम वर नेऊन बसवलेत का, हे डोळ्यांनी पाहा. मग महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या आणि जागा निळ्या-लाल पूररेषेत (निळी वारंवार येणाऱ्या पुराची, लाल क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) कुठे येते ते बघा. निळ्या रेषेच्या आतली जागा कितीही स्वस्त मिळाली तरी नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधली जागा भाड्याने चालेल, विकत घेऊ नये.

चौथ्या मजल्यावर फ्लॅट म्हणजे काळजी नाही, हाही गैरसमज. पंप, मीटर रूम, जनरेटर आणि गाड्या खाली असतात. पार्किंगमध्ये चार फूट पाणी आलं की वीज बंद, लिफ्ट बंद, टाकी रिकामी. अशा घरात आठवडाभर अडकण्यापेक्षा टेंबलाईवाडी, सागरमाळ, सम्राटनगर, आर. के. नगर, पाचगाव अशा उंचावरच्या बाजूला दोन किलोमीटर जास्त गेलेलं बरं. मात्र शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्याचा रस्ता सगळ्यांचाच तुटतो. २०१९ ला कित्येक दिवस तो बंद होता. घरात म्हातारी माणसं असतील तर पावसाळ्याआधी महिन्याची औषधं भरून ठेवायची, इथली जुनी घरं तेच करतात.

दुसरं पाणी नळाचं. पूर आला की नदीकाठची उपसा केंद्रं बुडायची आणि बाहेर पूर असताना घरात टँकर शोधावा लागायचा. त्यावर उपाय म्हणून काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरची थेट पाइपलाइन आली. तरी एवढ्या लांबच्या योजनेत गळती झाली किंवा पंपांची वीज गेली की पुरवठा विस्कळीत होतोच. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. पाणी एक दिवसाआड येत असेल तर किमान ११०० लिटर साठा हवा, आणि तो तुमच्या फ्लॅटच्या वाट्याचा, सगळ्या सोसायटीचा मिळून नव्हे. सोसायटीच्या वहीत एप्रिल-मेमधल्या टँकरची बिलं पाहायला मागा. बोअर असेल तर पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून घ्या; पिण्यासाठी ५०० च्या आत असावा.

तिसरी गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या लक्षातच येत नाही. महापालिका १९७२ साली झाली, पण हद्दवाढीचं घोंगडं तेव्हापासून भिजत पडलं. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी दिसायला शहरच, पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. घरपट्टी कमी, ही जमेची बाजू. पाणी, गटार, कचरा आणि रस्त्यावरचे दिवे मात्र त्या-त्या ग्रामपंचायतीच्या ताकदीवर. घर बघताना पहिला प्रश्न हाच: घरपट्टीची पावती कुणाची? पावती समोर ठेवायला सांगा. विकत घेणार असाल तर जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, भोगवटा प्रमाणपत्र आणि नव्या प्रकल्पात महारेरा नोंदणी हवीच. ‘गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेला छोटा प्लॉट) आहे, होऊन जाईल नियमित’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघून या.

पेठांत राहायची हौस असेल तर जरूर राहा, गावाचा जीव तिथेच आहे. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत तालीम-मंडळाशेजारी घर म्हणजे गणपतीत खिडक्या हादरणार आणि फुटबॉलच्या मोसमात रात्री उशिरापर्यंत फटाके वाजणार. अंबाबाई मंदिराजवळच्या महाद्वार रोडच्या आसपास नवरात्रात आणि बहुतेक शनिवार-रविवारी चारचाकी बाहेर काढायचं नावच काढू नका. गाडी लावायची जागा कागदावर नसेल तर ती नाहीच असं समजा.

दवाखाना, शाळा, कागद

नेहमीच्या आजारांसाठी आणि बऱ्याच शस्त्रक्रियांसाठी शहर पुरेसं आहे. सीपीआर सरकारी रुग्णालय आहे, खासगी दवाखाने भरपूर, आणि तासाभरावर मिरज. पण घरात कुणाला दुर्मिळ आजार असेल किंवा लहान मुलाला ठरावीक विशेषज्ञ लागत असेल, तर तो डॉक्टर इथे आठवड्यातून किती दिवस असतो ते आधी फोन करून विचारा. पुण्याचे काही डॉक्टर इथे महिन्यातून एकदाच येतात. आरोग्य विम्याचा पत्ता बदलण्याआधी पॉलिसी वाचा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात; लहान शहराचा हप्ता कमी, पण मग पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर बिलातला काही टक्के वाटा तुमच्या गळ्यात.

मुलं नववीच्या पुढे असतील तर दहावी किंवा बारावी होईपर्यंत थांबा. त्याआधी बोर्ड न बदलता शाळा मिळते का ते बघा.

बाकीचे कागद किरकोळ आहेत. गाडी एमएच-१२ असो वा १४, राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलावा लागत नाही, फक्त आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा. मतदार यादीसाठी फॉर्म ८. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे; ‘इथं कोण करतंय’ म्हणणाऱ्या घरमालकाला नम्रपणे नकार द्या, कारण त्या कराराशिवाय पत्त्याचा पुरावा अडतो.

पुण्यातला फ्लॅट असेल तर पहिले बारा महिने विकू नका, भाड्याने द्या. आणि टेम्पो ठरवताना: दोन बेडरूमच्या घराला सतरा फुटी लागतो, पण जुन्या पेठांतल्या बोळात तो शिरत नाही. तिथे घर घेतलं असेल तर गल्लीची रुंदी आधी मोजून ड्रायव्हरला कळवा, किंवा कोपऱ्यावरून सामान वाहायला छोटा हत्ती आणि दोन जास्तीचे हमाल आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.