जुन्या शटरवरची पाटी: झेडएसएचच्या फायली दुसरीकडे हलवताना

भाच्याने ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली आणि फोन केला. "मामा, होम फोल्डरमध्ये डॉटवाल्या फायलींचा उकिरडा झालाय. झेडएसएचच्या तरी आत कुठे ढकलता येतील का?" (झेडएसएच म्हणजे शेल, टर्मिनलच्या खिडकीत टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम; डॉटवाल्या फायली म्हणजे नाव टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फायली.) दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, तो ऑफिसच्या गेटवर पोचला तरी माझं सांगणं चालूच. त्याला अक्षर-अक्षर सांगितलं तसंच लिहितो. टाइप अर्थात इंग्रजीत करायचं, आणि फाइलींच्या नावांतली आडवी रेघ फक्त वाचण्यापुरती.

जांभळी नाक्याला दुकान हलतं तेव्हा जुन्या शटरवर पाटी राहते, 'समोरच्या गाळ्यात या'. इथेही होममध्ये तेवढी एक पाटी ठेवायची. तिचं नाव .झेडएसएच-ईएनव्ही. शेल घरातली हीच फाइल सगळ्यात आधी वाचतं, नेहमीच्या सेटिंगची .झेडएसएच-आरसी नंतर.

आधी .कॉन्फिग फोल्डरात झेडएसएच नावाचं फोल्डर करून .झेडएसएच-आरसी तिथे हलवा. .झेडएसएच-प्रोफाइल नावाचं काही नसतं, .झेड-प्रोफाइल असतं, असेल तर तेही न्या. मग पाटीवर एकच ओळ:

झेडडॉटडिर=$होम/.कॉन्फिग/झेडएसएच

झेडडॉटडिर आणि होम कॅपिटलमध्ये, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा नको. जुनी खिडकी बंद न करता नवी उघडा आणि एको $झेडडॉटडिर टाइप करून नवा मार्ग छापला जातो का बघा. काही फिस्कटलंच तर झेडएसएचला उणे एफ लावून सुरू करा, घरातली एकही फाइल न वाचता शेल उघडतं.

बरेच जण त्या ओळीआधी एक्स्पोर्ट लावतात, म्हणजे ती किंमत त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमनाही मिळते. मी लावत नाही. एक्स्पोर्ट केलं की त्या खिडकीतून सुरू झालेलं दुसरं झेडएसएच पाटी नव्या फोल्डरातच शोधतं, होमकडे बघत नाही. माझ्या बॅकअप स्क्रिप्टला लागणारं एक फंक्शन होममधल्या .झेडएसएच-ईएनव्हीत होतं. एक्स्पोर्ट लावल्यावर स्क्रिप्ट हाताने चालवली की 'कमांड नॉट फाउंड', ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून मात्र सुरळीत! अख्खा रविवार गेला त्यात.

मॅकवर (२०१९ च्या कॅटालिनापासून तिथे झेडएसएचच मूळचं) आणखी एक धक्का बसतो: वरची बाणाची कळ दाबली तर जुन्या कमांड गायब. त्या पुसल्या गेलेल्या नसतात. हिस्टरीची फाइलही आता झेडडॉटडिरमध्ये शोधली जाते, म्हणून .झेडएसएच-हिस्टरी (या एका नावात मात्र रेघेच्या जागी खरोखर अंडरस्कोर असतो) उचलून तिकडे टाकायची.

बॅश या दुसऱ्या शेलमध्ये झेडडॉटडिरसारखा व्हेरिएबल नाही. तिथे दर वेळी दोन रेघा आणि आरसीफाइल लिहून मार्ग द्यावा लागतो, तोही लॉगिन शेलला (लॉगिन करताना सुरू होणाऱ्या शेलला) चालत नाही. मी तो नाद सोडला.

चार दिवसांनी भाच्याचा पुन्हा फोन. नवं टूल टाकलं, पण कमांड सापडत नाही. होममध्ये बघ म्हटलं. इन्स्टॉलरने तिथे नवी कोरी .झेडएसएच-आरसी बनवून आपल्या दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या कापून नव्या फोल्डरातल्या फाइलीत चिकटवल्या, होममधली उडवली.