सुई हलत नाही म्हणजे मीटर मेला असं नाही

आमच्या फोंड्याच्या घराशेजारी एक अंकल राहायचे. आयुष्यभर बोटीवर. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. त्यांच्या कपाटात मिनोल्टा एसआरटी १०१ हा जुना फिल्म कॅमेरा होता. बोटीवरच्या दिवसांत कुठल्याशा बंदरात घेतलेला. "घे बाय, मीटर गेलाय त्याचा, शोकेसमध्ये तरी ठेव," असं म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. मीटर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी यंत्रणा. जुने कॅमेरे दुरुस्त करायला मी शिकले ती त्या "मीटर गेलाय"पासून. या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण पहिले सहा महिने मी बहुतेक गोष्टी उलट्या क्रमाने केल्या.

पहिली चूक म्हणजे मी थेट वरचं झाकण उघडलं. मीटर वर असतो, मग बिघाडही वरच असणार, असा साधा हिशोब. आत एक दोऱ्यासारखी गोष्ट सैल झाली आणि ती परत बसवायला मला दोन रविवार लागले. बिघाड मात्र खाली होता, सेलच्या खणात.

हा कॅमेरा १९६६ साली बाजारात आला. शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त मीटरला लागतो. प्रिझमजवळ दोन सीडीएस सेल बसवलेले असतात; ही बॅटरी नव्हे, उजेड ओळखणारे तुकडे. उजेड जास्त पडला की त्यांचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि व्ह्यूफाइंडरमधली सुई सरकते. त्या सुईवर गोल आणून बसवायचा, झालं एक्स्पोजर. बुडाला एक छोटी कळ असते. तिला ऑन आणि ऑफच्या जोडीला बीसी अशी तिसरी जागा आहे, म्हणजे सेल तपासण्याची. नवीन माणूस तिच्याकडे बघतही नाही. मीही बघितलं नव्हतं.

खरं तर अर्धं निदान तिथेच होतं. बीसीवर सुई खुणेपाशी गेली, तर सेल, वायर आणि सुईची यंत्रणा जिवंत आहे. मग ऑनवर सुई उजेडाला दाद देत नसेल तर संशय सीडीएस सेलवर किंवा त्याच्या जोडणीवर. बीसीवरही सुई ढिम्म असेल तर वर जायचंच नाही, सेलपासून सुरुवात करायची. काही कॅमेऱ्यांत डायल फिरवताना सुई उड्या मारत असेल तर बहुतेक वेळा आतल्या रोधाच्या पट्टीवर मळ असतो. डायल चाळीस-पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

माझी सुई ढिम्म होती. खणात पांढरट-हिरवट थर. कोणीतरी कधीकाळी अल्कलाइन सेल घालून विसरलं होतं. सेल गळला की त्यातला क्षार पत्र्यावर साचतो. तो काढायला सौम्य आम्ल लागतं, म्हणून मी घरातलं माडाचं व्हिनेगर घेतलं. करू नका. रंग आणि गाळ दोन्ही मागे राहतात. साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीला जेमतेम लावायचं, फेस थांबला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. एका मित्राने फेणी सुचवली होती. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, ती ग्लासातच बरी.

पत्रा चकचकीत झाला, सुई तरीही हलेना. मग मल्टिमीटर. नव्या सेलचा व्होल्टेज ठीक. बुडाचं झाकण काढून खणाच्या पत्र्यापासून वायरच्या दुसऱ्या टोकापर्यंत सलगता, म्हणजे करंट पार जातो का, ते तपासलं, तर ती नव्हतीच. वायर बाहेरून धडधाकट दिसत होती. आवरण सोललं तर आत, कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तशी हिरवी पूड. क्षार वायरच्या आतून वर चढतो, म्हणून नुसता पत्रा पुसून भागत नाही. दोन इंच नवीन वायर, पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, टेकवून लगेच उचलायची. सुई उठली. त्या रात्री अंकलना फोन केला, तर ते म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं उगाच अंदाजाने फोटो काढले?"

रोध मोजायला लावलेल्या मल्टिमीटरचं टोक सुईच्या कॉइलवर कधीही थेट टेकवू नका. कॉइलची तार केसाहून बारीक असते. माझ्याकडे सरावाला घेतलेला एक कॅमेरा असाच कायमचा गेला. सुदैवाने तो सरावाचाच होता. तुम्हीही आधी एक मेलेला कॅमेरा विकत घ्या, त्यासोबत जपानी स्क्रूला नीट बसणारे स्क्रूड्रायव्हर. नेहमीचे चौफुलीचे वापरले तर स्क्रूचं डोकं सोलवटतं. स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो.

आता दुसरी अडचण, जी मला रोल धुऊन आल्यावर कळली. शिगमोच्या मिरवणुकीचे सगळे फोटो काळपट. मीटर हलत होता पण खोटं बोलत होता. हे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले. तो सेल संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच व्होल्टेज देत राहायचा. पाऱ्यामुळे तो बाजारातून गेला, अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा. दाब जास्त म्हणून सुई जास्त सरकते, मीटरला वाटतं उजेड खूप आहे, आणि निगेटिव्हला उपाशी ठेवलं जातं. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज वेगळी. सगळ्याच कॅमेऱ्यांना हा त्रास नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं सर्किट व्होल्टेजचा फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

उपाय दोन. फार्मसीत मिळणारा कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. तो जुन्या सेलपेक्षा अरुंद आहे, भोवती रबरी रिंग लागते. चिकटपट्टी काढली की मिनिटभर हवा खाऊ द्यायची. मात्र एकदा उघडला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत-महिन्यांत संपतो. दुसरा उपाय १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज थोडा पाडणारा शॉटकी डायोड. मी अजून झिंक-एअरच वापरते. आळस, दुसरं काय.

मग मोजणी. आमच्या अंगणात चिऱ्याची भिंत आहे, ना फार उजळ ना काळी. भर उन्हात, व्हरांड्याच्या सावलीत आणि संध्याकाळी, तीन वेळा त्याच भिंतीवर कॅमेरा आणि मोबाइलचा मीटर ताडून पाहिला. तिन्ही वेळा फरक सारखाच असेल तर एएसएची, म्हणजे फिल्मच्या वेगाची, डायल तेवढी सरकवून काम भागतं. फरक दर वेळी वेगळा असेल आणि सेल योग्य असेल, तर सीडीएस थकलेला आहे, तिथे डायल सरकवून उपयोग नाही. ही ताडणी पणजीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चसमोर करू नका. मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं समजतो, पांढरी भिंतही करडीच करतो. अशा फोटोंवरून "मीटर बिघडलाय" म्हणून कॅमेरे माझ्याकडे आलेत. त्यातला एक मी फक्त सेल बदलून परत दिला, पैसे सेलपुरते घेतले.

आषाढ-श्रावणात कॅमेरा उघडायचा मोह आवरा. त्या हवेत आत कोंडलेली ओल बाहेर निघत नाही. चामड्याच्या केसमध्ये तर ठेवूच नका, बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि सेल काढून वेगळा.

गेल्या ऑगस्टमध्ये बोंदेरासाठी, म्हणजे दिवाडी बेटावरच्या झेंड्यांच्या उत्सवासाठी, रायबंदरहून फेरीबोटीने निघाले. नदीच्या मध्यावर सुई खाली पडली. बीसीवर टाकलं, ढिम्म. जूनमध्ये उघडलेला झिंक-एअर. आभाळ भरलेलं, सावल्या पडत नव्हत्या. १०० एएसएच्या फिल्मला १/१२५ आणि एफ/५.६ लावलं आणि झेंडे घेऊन चाललेल्या पोरांमागे गेले.