इंजिन आणण्याआधी पुठ्ठा कापा

जुन्या ढंगाच्या सायकलला इंजिन बसवायचं असेल तर फ्रेम 22 ची की 24 ची, एवढं विचारून थांबू नका. तो आकडा सीटखालच्या पाइपची इंचांतली लांबी सांगतो, तुमच्या उंचीसाठी. इंजिनाला लागतो आतला त्रिकोण. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या 22 च्या फ्रेममध्ये इंजिन बसलं खरं, पण स्पार्क प्लग खोलायला पाना फिरेना. दर वेळी अख्खं इंजिन उतरवायचं. म्हणून इंजिनाची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापा, मागचा कार्ब्युरेटर आणि वरचा प्लग धरून, आणि फ्रेममध्ये लावून बघा. प्लगवर पाना शिरेल एवढी जागा हवीच. नागपूरच्या मे महिन्यात त्या फटीतून वारा खेळतो, तेही कमी नाही.

मग इंजिन ज्यांवर आवळायचं त्या फ्रेमच्या दोन्ही पाइपांची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून इंजिनाच्या किटमधल्या क्लॅम्पशी ताडून पाहा. मागच्या चाकाच्या तारा मोजा: किटमधलं 9 बोल्टांचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) 36 तारांना जमतं, पण जुन्या काळ्या सायकलींना बहुधा 40 असतात. आणि 25 सीसीवरचं इंजिन लावलं की कायद्याने ते मोटार वाहन. आरटीओत आधी विचारा.