गालिप देदेच्या उतारावर साज ऐकायला जायचं तर

इस्तंबूलला येणारी आपली माणसं मला विचारतात, "इथलं अस्सल गाणं कुठं ऐकायला मिळेल?" मी त्यांना साज, म्हणजे इथलं लांब दांडीचं तंतुवाद्य, विकणाऱ्या दुकानात पाठवते. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत लहानपण गेलं, त्यामुळे लाकडाच्या भुशाचा वास आला की माझे पाय आपोआप थांबतात. इथंही तसंच झालं.

काराकोय भागातून ट्युनेल पकडा. 1875 पासून चालणारी ही छोटी भुयारी गाडी तुम्हाला टेकडीवर सोडते. तिथून गालिप देदे रस्ता गलाता मनोऱ्याकडे उतरतो, आणि दोन्ही हातांना वाद्यांची दुकानं लागतात. काचेमागे रंगवलेले चिमुकले साज मांडलेली दुकानं सोडून द्या. आत कुणीतरी अर्धवट साजावर वाकलंय, कोपऱ्यात चार-पाच स्टुलं आहेत, असं दुकान शोधा. बाजूच्या गल्ल्यांतही डोकवा. दारावर हातानं लिहिलेल्या कागदावर 'तुर्क्यू' हा शब्द दिसला तर आत जाऊन गाण्याची वेळ विचारा. तुर्क्यू म्हणजे लोकगीत.

आत शिरताना 'कोलाय गेलसिन' म्हणा. काम करणाऱ्याला 'काम सोपं जावो' म्हणायची ही इथली रीत. कारागिराला 'उस्ता' म्हणायचं. भिंतीवरचा साज स्वतः काढू नका, 'बाकाबिलिर मियिम?', म्हणजे 'बघू का?', असं विचारा. चहा येईल (त्यालाही ते 'चाय'च म्हणतात). त्याचे पैसे देऊ करू नका, वाईट वाटतं त्यांना.

गाणं सुरू व्हायच्या आधी वाद्य नीट बघून घ्या. साजाचं दुसरं नाव बाअलामा, 'बांधणं' या क्रियापदावरून आलेलं, कारण पडदे दांडीला बांधलेले असतात. सात तारा, तीन जोडांत. पोट बरेचदा तुतीच्या लाकडाचं, वरची पाटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची. एकदा एका उस्तांनी माझ्यासमोर पडदा बांधला. नायलॉनचा दोरा दांडीभोवती घट्ट फिरवला, मागं गाठ मारली, तार छेडली, मान हलवली, आणि अंगठ्याच्या नखानं पडदा केसभर सरकवला. पुन्हा छेडली. मग हसले. माझ्या सतारीचे पडदेही असेच सरकतात, हे सांगायला शब्द सापडेनात, म्हणून मी नुसतं बोट हलवून दाखवलं. त्यांना कळलं.

तो केसभर फरकच ऐकायचा आहे. अनेक गाण्यांत षड्जानंतर येणारा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध बसतो. पहिल्यांदा ऐकताना आपल्या कानाला तो बेसूर वाटतो. घाई करू नका. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत तो स्वर आपली जागा घेतो, आणि मग घरी येऊन हार्मोनियमवर शोधलात तरी सापडत नाही.

गाण्याचे ढोबळ प्रकार दोन. 'उझुन हावा' तालाशिवाय, आपल्या आलापासारखं लांबत जाणारं; त्या वेळी पेलासुद्धा वाजू देऊ नका. 'करक हावा' तालात असतं. तुर्कस्तानच्या पश्चिमेकडचा झेयबेक हा नाच लागला तर नऊ मात्रा मोजा: बहुतेकदा दोन-दोन-दोन-तीन. शेवटच्या तीनवर शरीर आपोआप कलतं.

वादकानं साजाच्या दांडीचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला, तर पुढं बहुधा अलेवी या इस्लामी पंथाचं 'देयिश' येणार असं समजा. हे भक्तीचं गाणं आहे. टाळ्या नकोत, मोबाइल नको. माझ्या शेजारच्या पाहुण्यानं एकदा कॅमेरा उघडला आणि गाणारा थांबला. कुणी रागावलं नाही, पण नंतर ते गाणं पुन्हा सुरू झालंच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

फर्माईश करायची तर गाण्याचं नव्हे, मुलखाचं नाव घ्या. 'कर्शेहिर' म्हटलंत की बोझलाक मिळेल, छाती फोडून गायलं जाणारं. गायक नेशेत एर्ताश (1938–2012) तिथलेच. 'सिवास' म्हटलंत तर लोककवी-गायक आशुक वेयसेल (1894–1973) यांचं काही येईल. लहानपणी देवीच्या रोगानं आणि नंतरच्या एका अपघातानं त्यांची दृष्टी गेली आणि साज हाती आला.

शेवटी वाजवणाऱ्याला 'एलिनिझे साअलक' म्हणा, म्हणजे तुमच्या हाताला आरोग्य लाभो. गाणाऱ्याला 'आझनझा साअलक': हात जाऊन तोंड आलं, एवढाच फरक. ही 'तुम्ही'ची रूपं आहेत. वडीलधाऱ्यांना तीच वापरा. आणि निघताना एखादी तेझेने, म्हणजे साजाची लवचिक नखी, किंवा तारांचा एक संच विकत घ्या. संध्याकाळभर बसवून घेतलेल्या दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडू नका. माझ्या सतारीच्या पेटीत आता अशा अकरा तेझेने आहेत.