अलाइनर लावताय? आधी २२ तासांचा हिशेब मांडा

नाशिकला माझ्या दवाखान्यात अलाइनरसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, दात किती दिवसांत सरळ होतील?" मी उलट विचारते, "दिवसातून चहा किती वेळा होतो?" तारा लावल्या की त्या चोवीस तास दातांवरच राहतात, पेशंटने काही ठरवायचं नसतं. अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, आम्ही त्याला ट्रे म्हणतो; असे ट्रे एकामागून एक बदलत दात सरकवतात. तो मात्र हवा तेव्हा काढता येतो. ती त्याची मोठी सोय आहे, आणि बहुतेकांचा उपचार रखडतो तोही त्यामुळेच.

दाताच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. ट्रेने दात एका बाजूला दाबला की त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत येतं. एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. त्यासाठी हलका दाब सलग मिळावा लागतो. ट्रे रोज चार-पाच तास डबीतच राहिला तर दात ठरल्या जागी पोचत नाही, आणि पुढचा ट्रे त्याच्यावर नीट बसत नाही.

म्हणून हिशेब मांडा. रोज २२ तास ट्रे तोंडात हवा, म्हणजे हातात उरली फक्त १२० मिनिटं. नाश्ता २०, दुपारचं जेवण ३०, रात्रीचं ४०, झाली ९०. राहिलेली ३० मिनिटं ब्रशची आणि चुळा भरण्याची. यात अकराचा चहा नाही, चारचा नाही, कुणी डब्यातून पुढे केलेला चिवडा नाही. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही. तो नाश्त्याला आणि जेवणाला जोडून घ्या. गणपतीत घरोघरी मिळणारा प्रसादही पुडीत बांधून आणा आणि जेवताना खा. ट्रे घालूनच चहा घेणं मात्र अजिबात नको. गरम चहाने प्लास्टिक वाकडं होतं, त्यावर डाग पडतात, आणि साखर ट्रेखाली अडकली की लाळेने धुतली जात नाही. तिथे दात किडतो. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे मला फार घाई दिसते. ट्रे आधी पटाशीच्या दातांवर टेकवा, मग बोटांनी दोन्हीकडच्या दाढांवर दाबत न्या. दातांनी चावून बसवू नका, कडा तडकते. त्यानंतर च्युई, म्हणजे ती मऊ नळकांडी, एकेका दाताखाली धरून दाबायची. पाच-दहा मिनिटं, आणि नवा ट्रे असेल तेव्हा तर नक्कीच. मग खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा. दाताचं टोक आणि ट्रेचा तळ यांच्यात फट दिसते का? सुळ्यांपाशी आणि वरच्या पटाशीच्या बाजूच्या लहान दातांपाशी विशेष बघा, मागे राहतात ते बहुधा हेच. फट असेल तर तारीख आली म्हणून पुढचा ट्रे घालू नका. फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. बहुतेक वेळा त्याच ट्रेवर आणखी काही दिवस आणि जास्त च्युई एवढ्याने काम होतं.

काढताना आतल्या बाजूने सुरुवात करा. एका बाजूच्या शेवटच्या दाढेशी बोटाचं टोक अडकवून सैल करा, मग दुसरी बाजू, शेवटी पुढचे दात. एकाच बाजूने ओढून काढला की ट्रे पिळला जातो. दातांवर बटणं, म्हणजे ट्रेची पकड बसावी म्हणून लावलेले छोटे उंचवटे (अटॅचमेंट), चिकटवलेली असतील तर पहिले काही दिवस हे जड जातं; काढायचा छोटा हूक मागून घ्या. नवा ट्रे रात्री जेवणानंतर घाला, सुरुवातीचा ताण झोपेत निघून जातो. 'स' आणि 'श' आठवडाभर थोडे बोबडे येतात. शिक्षक, वकील मंडळींना मी घरी मोठ्याने पेपर वाचायला सांगते, जीभ लवकर सरावते.

ट्रे काढला की थेट डबीत. एका पेशंटने बँकेच्या कॅन्टीनमध्ये तो कागदी रुमालात गुंडाळून ठेवला आणि ताटाबरोबर उचलला गेला. अशा वेळी डॉक्टरांना विचारून आधीचा ट्रे घालता येतो, म्हणून जुने ट्रे लगेच टाकू नका. ट्रे धुवायला कोमट पाणी, मऊ ब्रश आणि थेंबभर सौम्य लिक्विड सोप पुरे. टूथपेस्टने ओरखडे उठतात, त्यांत मळ बसतो. रबरबँड दिले असतील तर ते जेवताना काढा. वरणातल्या हळदीने एका जेवणात पिवळे होतात.

सुरुवात करण्यापूर्वी किडलेले दात भरून घ्या, हिरड्या सुजल्या असतील तर आधी त्यांचा उपचार करा. मिश्री लावणाऱ्यांनी ती बंद करावी. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, न बघता कुणी प्लॅन करत असेल तर मी त्या खुर्चीत बसणार नाही. घरबसल्या माप घेऊन ट्रे पाठवणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. समोर तपासणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, हवाच.

स्क्रीनवर दात सुरेख सरकताना दाखवतात, पण तो अंदाज असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठरवलेली हालचाल प्रत्यक्षात सरासरी निम्मीच उतरल्याचं दिसलं. गोलसर आकाराचे दात जागच्या जागी फिरवणं विशेष कठीण. म्हणून पहिला संच संपल्यावर पुन्हा स्कॅन करून जादा ट्रे लागणं अगदी नेहमीचं आहे. पैसे भरण्याआधी विचारा: हे जादा ट्रे धरलेत का? जागा करायला दोन दातांमध्ये किती घासणार? रिटेनरचे, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचे किंवा तारेचे, पैसे वेगळे का?

रिटेनरबद्दल मी हट्टी आहे. हिरडीतले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभर तरी लागतं, तोवर ते दाताला मागे खेचत असतात. सुरुवातीचे महिने डॉक्टर सांगतील तसा दिवसरात्र, नंतर रोज झोपताना. खालच्या पटाशीच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तिच्याभोवतीचा मळ मात्र दर सहा महिन्यांनी काढून घ्यावा लागतो. आणि उपचार संपताना शेवटच्या स्कॅनची फाइल मागून स्वतःकडे ठेवा. रिटेनर हरवला किंवा गाव बदललं, तर त्या फाइलवरून दुसरा लगेच करून मिळतो.