बेडरूमला कॉर्निस स्वतः बसवायची आणि रंगवायची असेल तर

बहुतेक फ्लॅटमध्ये भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तिथली रेघ सरळ नसते. कुठे प्लास्टर फुगलेलं, कुठे रंगाऱ्याचा ब्रश स्लॅबवर चढलेला. त्या रेघेवर बसणाऱ्या सजावटीच्या पट्टीने, म्हणजे कॉर्निसने, हे सगळं झाकलं जातं. पीओपीची कॉर्निस ओढायची तर कारागीरच बोलवा, तो हात एका दिवसात बसत नाही. पण पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची तयार पट्टी हलकी असते, साध्या करवतीने कापता येते आणि दोघं जण मिळून शनिवार-रविवारात एक खोली उरकू शकतात. थर्माकोलसारखी दिसणारी पॉलिस्टायरीनची पट्टी आणखी स्वस्त मिळते, पण तिच्या कडा नखानेही दबतात. लाकूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत टाळलेलंच बरं.

साइज निवडताना हात आखडता घ्या. आपल्याकडे फ्लॅटची उंची साधारण नऊ-साडेनऊ फूट असते. तिथे तीन ते चार इंचांची पट्टी शोभते. सहा इंचांची नक्षीदार कॉर्निस दुकानात छान दिसते, पण घरी लावली की छत खाली आल्यासारखं वाटतं.

आता माप. खोली १२ बाय १० असेल तर घेर ४४ फूट. पट्टी आठ फुटांची मिळत असेल तर हिशोबाने साडेपाच नग होतात, पण सात घ्या. प्रत्येक कोपऱ्यात आणि जोडावर काप वाया जातो, शिवाय एखादा तुकडा उलटा कापला जाणारच. स्लॅबपर्यंत गेलेलं कपाट असेल तर तेवढी लांबी वजा करा. स्प्लिट एसी असेल तर आधी त्याच्या वर किती जागा आहे ते बघा. तो हवा वरूनच ओढतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेलं अंतर कॉर्निस लावूनही उरलं पाहिजे.

भिंतीची तयारी कंटाळवाणी आहे, पण पट्टी टिकते ती हिच्यामुळेच. वरच्या चार-पाच इंचांत डिस्टेंपर किंवा चुना असेल तर पत्र्याने खरवडून काढा. हात फिरवल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागत असेल तर गोंद भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतो आणि काही दिवसांत पट्टी लोंबते. खरवडून झालं की ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, प्रायमरचा एक हात मारा. वरच्या मजल्यावर ओल येत असेल तर आधी गच्चीचं काम करा. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

पट्टीचा एक छोटा तुकडा गुण्याच्या (काटकोन तपासायच्या अवजाराच्या) काटकोनात धरा आणि तिची खालची कड भिंतीवर किती खाली येते ते मोजा. समजा अडीच इंच. तेवढं माप स्लॅबपासून जागोजागी घेऊन पेन्सिलने खुणा करा आणि दोरीने रेघ मारा. दोरीला गेरू लावू नका, पांढऱ्या रंगातून तो नंतर डोकावतो. स्लॅब एका टोकाला थोडा उतरला असेल तर लेव्हलचा हट्ट धरू नका. नजर पट्टीची तुलना छताशी करते, त्यामुळे छताबरोबर गेलेलंच बरं.

खरी परीक्षा कोपऱ्यात. माइटर बॉक्समध्ये (४५ अंशांत करवत चालवायला खाचा असलेल्या खोक्यात) पट्टी उलटी ठेवायची: स्लॅबला लागणारी कड तळाशी, भिंतीला लागणारी कड उभ्या बाजूला टेकलेली. आतल्या कोपऱ्यासाठी कापताना भिंतीकडची कड लांब राहते आणि स्लॅबकडची आखूड. बीमच्या बाहेरच्या कोपऱ्याला याच्या बरोबर उलट. आधी फूटभर लांबीचे दोन नमुने कापा, मागे ‘डावा’, ‘उजवा’ लिहा आणि प्रत्येक कोपऱ्यात धरून बघा. भिंती क्वचितच नेमक्या ९० अंशांत असतात. जोडाची फट स्लॅबच्या बाजूला उघडत असेल तर कोपरा ९० पेक्षा मोठा आहे. भिंतीकडच्या टोकाचा थोडासा भाग पॉलिश पेपरवर घासा. फट भिंतीच्या बाजूला दिसली तर स्लॅबकडचं टोक घासा. बारीक दातांची करवत वापरा आणि पट्टी मापापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे ती दाबून बसते.

लावायच्या आधी पंखा बंद करून बटणावर टेप चिकटवा. आठ फुटांची पट्टी घेऊन शिडीच्या घोड्यावर चढलेल्या माणसाला मागच्या पात्याचं भान राहत नाही.

गोंद पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक घ्या, पॉलिस्टायरीनला तर हाच. थिनरवाला गोंद ते विरघळवतो. स्लॅबला आणि भिंतीला टेकणाऱ्या दोन्ही कडांवर गोंदाची सलग रेघ, शिवाय जोडाच्या तोंडालाही थोडा. दाराच्या समोरचा कोपरा सर्वांत आधी नजरेत येतो, तिथून सुरुवात करा. सरळ भिंतीवर दोन तुकडे जोडायचे असतील तर तोही काप ४५ अंशांचाच तिरका ठेवा, सरळ जोड नंतर रेघ दाखवतो. जड पट्टीला दोन-तीन बारीक खिळे आधार म्हणून मारा, पण लाइटच्या बटणांच्या वरच्या पट्ट्यात नाही, तिथून वायरचे पाइप स्लॅबकडे गेलेले असतात. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि पट्टीला दिवसभर हात लावू नका.

फटी भरायला अ‍ॅक्रिलिक सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. ओल्या बोटाने सीलंट दाबत न्या. वाळताना हा माल आत बसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात लागतो. खिळ्यांची डोकी थोडी आत ठोकून वर पुट्टी भरा, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. नक्षीच्या खोलगट भागात पेपर बोटावर गुंडाळून घ्या.

पीयूच्या पट्ट्या बहुधा प्रायमर मारूनच येतात. रंगाचा पहिला हात पट्टी बसवण्याआधी, ती जमिनीवर असतानाच द्या, मान वाचते. शेवटचा हात पट्टी बसवून, फटी भरून झाल्यावर. रंग अ‍ॅक्रिलिक इमल्शनच घ्या. दोन इंची ब्रश, रंग थोडाच उचलायचा, नाहीतर नक्षीत साचून ओघळ सुटतात. क्रम: आधी छत, मग कॉर्निस, शेवटी भिंत. छताचाच पांढरा कॉर्निसला दिला तर छत उंच वाटतं. भिंतीचा गडद रंग वर चढवला तर खोली बसकी होते. भिंत रंगवताना कॉर्निसच्या खालच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, सावकाश तिरकी ओढून काढा. वाळून गेल्यावर ओढलीत तर रंगाची साल तिच्याबरोबर येते.