झुलत्या पुलाच्या कामात शिरताय? आधी झोळ समजून घ्या

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला डोंगरातला एक लहानसा पादचारी झुलता पूल आला. काम सोपं वाटलं. केबलपासून डेकपर्यंत (म्हणजे चालायच्या पट्टीपर्यंत) लोंबणाऱ्या हँगरच्या लांब्या काढायच्या. पूर्ण झालेल्या पुलाच्या ड्रॉइंगवरून मी त्या मोजल्या आणि तक्ता सरांपुढे ठेवला. "काय रे, ही लांबी कुठल्या तापमानाची? आणि डेकचं वजन येण्याआधीची की नंतरची?" मी गप्प.

घरी आल्यावर गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीकडे पाहत बसलो. मधोमध ओली चादर टाकली की दोरी तिथे खाली जाते (हे खाली लोंबणं म्हणजे झोळ) आणि कडेचे रुमाल वर उचलले जातात. झुलता पूल बांधताना रोज हेच चालतं. डेकचा एकेक तुकडा टांगला की केबल नवा आकार घेते. कॉलेजातलं लिनियर अ‍ॅनालिसिस (भाराने आकार बदलत नाही असं धरून केलेलं गणित) इथे पुरत नाही. टप्प्याटप्प्याने बदलत्या आकाराचं गणित शिका, आणि सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एकदा तरी ते वहीत करा.

(आणि मुलाखतीत वांद्रे-वरळी सी लिंकला झुलता पूल म्हणू नका. तिथे केबल मनोऱ्यापासून थेट डेकला जोडल्या आहेत. असं बोलून अडकलेले मी पाहिलेत.)

अभ्यासाला जपानचा आकाशी काइक्यो पूल घ्या. 1988 ते 1998 असं दहा वर्षांचं काम. 2022 मध्ये तुर्कस्तानात 2023 मीटरचा गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) होईपर्यंत जगातला सर्वांत लांब गाळा याचाच होता. मनोरे जवळपास 298 मीटर उंच. दोन्ही ओळंब्यात उभे, तरी माथ्यांमधलं अंतर पायथ्यांपेक्षा सुमारे 9 सेंटीमीटर जास्त, कारण पृथ्वी गोल आहे! तापमानाचंही बघा. 10 अंशांनी वाढलं तर दोन किलोमीटर पोलाद साधारण 24 सेंटीमीटरने लांबतं, आणि केबलचा मध्य त्याहून जास्त खाली येतो.

17 जानेवारी 1995 ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा मनोरे आणि केबल उभ्या होत्या, डेक टांगायचा बाकी होता. मनोऱ्यांखालची जमीनच सरकली. 1990 मीटरचा गाळा जवळपास 80 सेंटीमीटरने वाढला, केबल ताणल्या गेल्या, झोळ कमी झाला. आज आपण तो 1991 मीटर म्हणतो तो यामुळेच. डेक अजून टांगला नव्हता म्हणून त्याची आणि हँगरची मापं बदलून घेता आली. मला या पुलात सगळ्यात थोर वाटतं ते हे, नुसती ताकद नाही. नव्या आकाराचं गणित हातात तयार असणारी माणसं तिथे होती.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत ऑफिसात चिकटून बसू नका, साइट मागून घ्या. सर्व्हेची टीम काय वाचते ते शेजारी उभं राहून बघा. झोळ रात्री मोजतात, कारण दिवसा उन्हाची बाजू तापते आणि केबलचं तापमान सगळीकडे सारखं नसतं.

आमच्या त्या लहान पुलाचे हँगर मी पुन्हा काढले. तरीही तीन ठिकाणी टर्नबकल (लांबी कमीजास्त करायचे आट्यांचे जोड) पिळून माप जुळवावं लागलं. पहाटे साडेतीनला, कानटोपी घालून. मी पाना लावायला गेलो की सर केबलवरचा थर्मामीटर बघून म्हणायचे, "थांब, अजून उतरतंय."